शुरू करना आणि सुरू ठेवणे
(हिंदी दिनानिमित्त संस्थेच्या शाळांतील शिक्षक व विद्यार्थ्यांपुढे दिलेले भाषण)



मी भाषापंडित नाही. उभे आयुष्य माध्यमिक शाळेत हिंदी शिकवण्यात गेले आणि लाल शाईच्या कितीतरी बाटल्या संपवल्या, एवढीच माझी पात्रता. १४ सप्टेंबर १९४९ रोजी घटना समितीने देवनागरी लिपीतील हिंदीचा संघराज्याची राजभाषा म्हणून स्वीकार केला, म्हणून आपण हा दिवस पाळतो. अशा दिवशी राष्ट्रीय एकात्मता, भाषेचे भवितव्य असे मोठे विषय घेण्याचा प्रघात आहे. माझी झेप तेवढी नाही. मी आज एकाच क्रियापदावर बोलणार आहे. ते क्रियापद म्हणजे 'शुरू करना'.

आपण मनातल्या मनात हसत असाल. पाचवीतल्या मुलाला येणारे हे क्रियापद, त्यावर भाषण कसले? पण शिक्षक बंधूंनो, अनुभव असा आहे की मूल अवघड शब्दाला अडखळत नाही. अवघड शब्द आला की ते सावध होते. जो शब्द आपल्याला येतोच असे त्याला वाटते, तिथे ते घसरते. आपली मुले घरी उर्दू किंवा दखनी बोलतात, कोकणातली कोकणी बोलतात, बाजारात आणि बसस्टँडवर मराठी बोलतात, आणि तासाला हिंदी लिहितात. 'शुरू' हा शब्द या सगळीकडे थोड्याफार फरकाने भेटतो. म्हणूनच तो फसवतो.

प्रथम या शब्दाचे कूळ पाहू. मूळ शब्द अरबी, 'शुरूअ'. त्याच्या शेवटी 'ऐन' हे अक्षर आहे. उर्दूत ते आजही लिहितात, उच्चारात मात्र ते विरून गेले. ज्या धातूपासून हा शब्द निघाला, त्याच धातूपासून 'शरीअत' आणि रस्ता या अर्थाचा 'शारेअ' हे शब्द निघाले. म्हणजे सुरुवात करणे याच्या मुळाशी वाटेला लागण्याची कल्पना आहे. अरबीतून हा शब्द फारसीत गेला. फारसी लोकांनी त्याला आपले 'कर्दन', म्हणजे करणे, जोडले आणि 'शुरू कर्दन' असे संयुक्त क्रियापद केले. आपल्याकडे फारसी ही दरबाराची आणि कचेरीची भाषा होती. तिथून हिंदी-उर्दूने 'शुरू' तसाच ठेवला आणि 'कर्दन'च्या जागी आपले 'करना' बसवले. मराठीने 'श'चा 'स' करून 'सुरू करणे' म्हटले. त्याच शब्दाला अरबीचा अनेकवचनी 'आत' लागून जो 'शुरूआत' झाला, तो हिंदीत 'शुरुआत' आणि मराठीत 'सुरुवात' म्हणून एकवचनी स्त्रीलिंगी होऊन बसला. विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की 'शुरू' लिहिताना 'रू' दीर्घ, आणि 'शुरुआत' लिहिताना 'रु' ऱ्हस्व.

गंमत पाहा. लहान मुलाच्या हाती पहिल्यांदा पाटी देतात, त्या समारंभाला आपण 'बिस्मिल्लाह' म्हणतो. शेजारच्या घरी त्याच कामाला 'श्रीगणेशा' म्हणतात. आणि दोन्ही शब्दांपुढे 'करणे' लावून आपण साधी सुरुवात असा अर्थ घेतो. पुढचा शब्द कोणाकडून का आलेला असेना, 'करणे' हे आपलेच असते.

आता व्याकरणाकडे वळू. 'शुरू करना' याचे दोन भाग. 'शुरू' हा भाग कधी बदलत नाही. सगळा बदल 'करना'च्या अंगावर येतो. वर्तमानकाळात काही अडचण नाही : 'लड़का काम शुरू करता है', 'लड़की काम शुरू करती है'. क्रियापद कर्त्याच्या मागे चालते. भूतकाळात मात्र कर्त्याला 'ने' लागतो, कर्ता बाजूला होतो, आणि जे काम सुरू झाले त्याच्या लिंगवचनाप्रमाणे क्रियापद चालते. 'सर सैयद अहमद ख़ाँ ने १८७५ में अलीगढ़ में मदरसा शुरू किया.' मदरसा पुल्लिंगी, म्हणून 'किया'. 'ज्योतिराव फुले ने १८४८ में पुणे में लड़कियों की पाठशाला शुरू की.' जोतीराव पुरुष खरे, पण पाठशाला स्त्रीलिंगी, म्हणून 'की'. 'भाऊराव पाटील ने १९१९ में रयत शिक्षण संस्था शुरू की.' इथेही तेच. आणि 'अध्यापकों ने रात की कक्षाएँ शुरू कीं', इथे अनेकवचनाचा अनुस्वार विसरू नये. सुरू करणारा कितीही मोठा असो, वाक्यात मान त्याने सुरू केलेल्या कामाला मिळतो. मला हा नियम शिकवताना नेहमी आनंद वाटत आला आहे.

मराठीतही असेच आहे : 'मी शाळा सुरू केली', 'मी वर्ग सुरू केला'. मग मुले चुकतात कुठे? ती मराठीचे लिंग हिंदीत नेतात. 'अभ्यास सुरू केला' हे डोक्यात असते, म्हणून 'मैंने पढ़ाई शुरू किया' असे लिहितात. 'शाळा सुरू केली' डोक्यात असते, म्हणून 'स्कूल शुरू की' लिहितात. हिंदीत पढ़ाई स्त्रीलिंगी आणि स्कूल पुल्लिंगी. तेव्हा 'पढ़ाई शुरू की', 'स्कूल शुरू किया'. दुसरी चूक 'कामाला सुरुवात केली' यावरून होते. मूल लिहिते, 'काम को शुरुआत की'. हिंदीत 'काम की शुरुआत की' म्हणावे, नाहीतर सरळ 'काम शुरू किया'.

तिसरी चूक घरच्या दखनीमुळे होते. दखनी बोलणारे मूल 'मैं काम शुरू किया' म्हणते, 'ने' गाळते. परीक्षेच्या हिंदीत ती चूक आहे, आणि ती सुधारली पाहिजे. पण ती सुधारताना कृपा करून मुलाच्या घरच्या बोलीला 'तोडकीमोडकी' म्हणू नका. त्याच दखनीत गोवळकोंड्याचा मुहम्मद कुली कुतुबशाह कविता करीत असे आणि विजापूरच्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाने 'किताबे नौरस' रचली. ती वेगळी बोली आहे, बिघडलेली नाही. 'घरी तू म्हणतोस ते घरी बरोबर, इथे असे लिही', एवढे म्हटले की मुलाचा चेहरा पडत नाही.

'शुरू करना'चा एक धाकटा भाऊ आहे, 'लगना'. 'उसने पढ़ना शुरू किया' आणि 'वह पढ़ने लगा', म्हणजे मराठीत 'त्याने वाचायला सुरुवात केली' आणि 'तो वाचू लागला'. पहिल्यात ठरवून केल्याचा भाव आहे, दुसऱ्यात आपोआप घडल्याचा. 'लगना'ला 'ने' चालत नाही, म्हणून 'उसने पढ़ने लगा' हे अशुद्ध. पाऊस काही ठरवून पडत नाही, म्हणून 'बारिश होने लगी' किंवा 'बारिश शुरू हुई'. आणि एखादे मूल एकदम भोकाड पसरते तेव्हा 'उसने रोना शुरू कर दिया', इथे 'देना' जोडले की तो अचानकपणा बरोबर उतरतो.

एवढे सगळे पाठ्यपुस्तकात मिळते. आता जे सांगणार आहे, ते मला पुस्तकाने शिकवले नाही.

मराठीतला 'सुरू' आणि हिंदीतला 'शुरू' हे एका आईचे असले तरी मराठीतला बराच पुढे चालत गेला आहे. मराठीत आपण म्हणतो, 'दुकान सुरू आहे', 'पंखा सुरू आहे', 'शाळेचे बांधकाम सुरू आहे'. इथे आरंभाचा काही संबंध नाही. काम चालले आहे, एवढाच अर्थ. हिंदीत 'शुरू' मात्र उंबरठ्यावरच उभा आहे. आरंभाचा क्षण गेला की त्याचे काम संपले. म्हणून हिंदीत 'दुकान खुली है', 'पंखा चल रहा है', 'काम जारी है'. विरुद्धार्थी शब्द विचारा, फरक लगेच कळतो. हिंदीत 'शुरू'च्या उलट 'ख़त्म'. मराठीत 'सुरू'च्या उलट 'बंद'.

मी एका यंत्रमागांच्या गावात नोकरीला होतो, तेव्हाची गोष्ट. नववीच्या सहामाही परीक्षेत 'मेरा परिवार' हा निबंध दिला होता. एका मुलीने त्यात लिहिले होते, 'अब्बा का कारख़ाना बंद है, मगर मेरी पढ़ाई शुरू है.' मी 'शुरू है' याखाली लाल रेघ ओढली, वर 'जारी है' लिहिले, अर्धा गुण कापला आणि पुढचा पेपर घेतला. व्याकरणाच्या दृष्टीने मी काही चुकलो नव्हतो. मराठी मनाने तिने 'बंद' समोर 'सुरू' ठेवला होता आणि मी तो नियमाप्रमाणे दुरुस्त केला होता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती काही आठवडे आली, मग येईनाशी झाली. हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा पडत गेल्या. अशी मुले दरवर्षी गळतात, असे म्हणून मी गप्प राहिलो. मार्च महिन्यात जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे लावताना तिचा पेपर हाती आला, आणि ते वाक्य मी पहिल्यांदा वाचले. होय, पहिल्यांदाच. तोवर मी फक्त त्यातला शब्द तपासला होता. कारखाना बंद आहे, घरात पैसा नाही, तरी माझे शिक्षण चालू आहे, असे ती मुलगी मला सांगत होती. कदाचित ते चालू राहावे म्हणून कोणीतरी काही करावे, असेही सांगत असेल. तिचे ऐकणारा माणूस त्या वेळी मी एकटाच होतो, आणि मी तिला 'जारी है' लिहून दिले. जारी राहण्यासाठी काही केले नाही.

त्याच संध्याकाळी पत्ता शोधत तिच्या घरी गेलो. घराला कुलूप होते. शेजारणीने सांगितले, 'साहेब, ते लोक गाव सोडून गेले. दोन महिने झाले.' कुठे गेले, हे तिला नीट सांगता आले नाही. आजपर्यंत मला कळलेले नाही.

मित्रहो, ही गोष्ट मी कोणाला रडवण्यासाठी सांगत नाही. मला तीन विनंत्या करायच्या आहेत. शिक्षकांना पहिली विनंती : लाल शाई उचलण्याआधी वाक्य पूर्ण वाचा. चूक जरूर सुधारा, परीक्षेत ती मुलाला महाग पडते. पण मुलाने काय सांगितले, तेही वाचा, आणि गरज वाटली तर समासात 'मला येऊन भेट' असे तीन शब्द लिहा. त्याला गुण लागत नाहीत.

दुसरी विनंती विद्यार्थ्यांना. 'शुरू' लिहिताना स्वतःला दोन प्रश्न विचारा. काय सुरू केले, आणि हिंदीत त्याचे लिंग कोणते? मला आरंभ सांगायचा आहे की चालू असणे? दुसरा अर्थ असेल तर 'जारी है' किंवा 'चल रहा है' लिहा. एवढे सांभाळलेत तर या क्रियापदात सहसा चुकणार नाही.

तिसरी विनंती संस्थेच्या चालकांना, आणि ती मी अदबीने करतो. आपल्याकडे 'शुरू करना'चे समारंभ होतात. कोनशिला बसते, फीत कापली जाते, स्मरणिकेत छायाचित्र येते. ते सगळे योग्यच आहे. कोणी सुरू केल्याशिवाय काहीच उभे राहत नाही. पण 'जारी' हा शब्दही अरबीच आहे, आणि त्याचा मूळ अर्थ वाहते असा आहे. 'सदक़ा-ए-जारिया' आपण सगळेच म्हणतो : ज्याचा लाभ वाहत राहतो ते दान. कारखाना बंद पडलेल्या घरातल्या मुलीची वर्षाची फी, वह्या आणि बसचा पास यांना फीत नसते. पण आपल्या हजेरीपटावर सलग तीन दिवस गैरहजेरी लागली, तर चौथ्या दिवशी कोणीतरी त्या घरी जावे, एवढा नियम तरी आपण करू शकतो. मी मार्च महिन्यात गेलो. कुलूप लागण्याआधी जायला हवे होते.

व्याकरण म्हणते, 'शुरू करना'ला एक क्षण पुरतो. मराठीने त्याच शब्दाला वर्षानुवर्षे चालण्याची ताकद दिली. परीक्षेत हिंदीचा नियम पाळा. शाळा चालवताना मात्र मराठीचा अर्थ मनात असू द्या. आपल्या शाळांतल्या प्रत्येक मुलामुलीला कोणत्याही भाषेत, शुद्ध किंवा अशुद्ध, 'माझे शिक्षण सुरू आहे' असे म्हणता यावे, एवढी इच्छा व्यक्त करतो.