पुड्याची पाठ



बाजारांत मिळणाऱ्या तयार खाद्यपदार्थाच्या पुड्याला दोन बाजू असतात. पुढच्या बाजूवर काय छापावें हें बऱ्याच अंशीं विकणाराची इच्छा ठरविते. मागच्या बाजूवर काय छापावें हें बहुतांशीं कायदा ठरवितो. पुढें टपोऱ्या कणसांचें चित्र असतें आणि 'पौष्टिक', 'घरच्यासारखें' अशीं विशेषणें असतात. मागें बारीक टाइपांत घटकांची यादी असते. आपण बहुतेकजण पुढची बाजू पाहून पुडा घेतों, आणि मागें नजर टाकतों ती किंमत व मुदतीची तारीख यांपुरती. निरोगी माणसाचें यांत फारसें बिघडत नाहीं. परंतु ज्या घरांत सीलिअॅक या विकाराचें माणूस आहे, विशेषतः मूल आहे, त्या घराला ही पाठ अक्षर न् अक्षर वाचणें प्राप्त होतें. ती कशी वाचावी एवढेंच आज मला सांगावयाचें आहे. मी वैद्य नाहीं. चौतीस वर्षें मुलांना वाचावयास शिकविलेला एक मास्तर आहें, आणि माझ्या नऊ वर्षांच्या नातीला हा विकार आहे. त्यामुळें वाचनाचा हा नवा धडा मला उतारवयांत गिरवावा लागला.

गहू, जव आणि थंड मुलखांत पिकणारें राय नांवाचें धान्य यांत एक चिवट प्रथिन असतें, त्यास ग्लुटेन म्हणतात. तिंबलेली कणीक ताणते, पोळी लाटतांना फाटत नाहीं, पाव फुगतो, तो याच्याच गुणानें. कांहीं माणसांच्या शरीराला हें प्रथिन मानवत नाहीं. त्यांच्या शरीराची संरक्षक यंत्रणाच उलटते आणि लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. अन्नरस शोषून घेणारे तेथील बारीक अंकुर झिजून सपाट होतात. मग मूल खातें, पण खाल्लेलें अंगीं लागत नाहीं. पोट फुगतें, जुलाब होतात, उंची खुंटते. कित्येकांना पोटाची तक्रार मुळींच नसते. नुसता पांडुरोग हटत नाहीं एवढेंच दिसतें. उत्तर भारतांत झालेल्या पाहणींत हा विकार शंभरांत सुमारें एकाला आढळला. दक्षिणेंत तो पुष्कळच विरळ आहे. उपाय एकच, ग्लुटेन जन्मभर वर्ज्य करणें. येथें एक सूचना जातां जातां करून ठेवतों. संशय आला म्हणून आपल्याच मनानें गहूं सोडूं नये. रक्ताची तपासणी व आतड्याच्या अस्तराची परीक्षा गहूं खाण्यांत असतांनाच करावी लागते. आधींच सोडला तर रोग असूनहि तपासणींत सांपडत नाहीं.

दोष गव्हाचा आहे हें वैद्यकाला उमगावयास फार काळ लागला. लंडनचे डॉक्टर सॅम्युएल गी यांनीं १८८८ सालीं या विकाराचें स्पष्ट वर्णन केलें, आणि बरें करावयाचें तर आहारानेंच, असा अभिप्रायहि दिला. पण कोणत्या आहारानें तें त्यांना सांपडलें नाहीं. अमेरिकेंत डॉक्टर हास यांनीं १९२४ सालीं केळ्यांचा आहार सुचविला. मुलें सुधारलीं, आणि श्रेय केळ्यांना मिळालें. ताटांतून पाव गेला होता इकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं! पुढें हॉलंडांत हेग येथील मुलांच्या इस्पितळांतले डॉक्टर विलेम डिके यांना पावाचाच संशय येऊं लागला. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत त्या देशांत भीषण उपासमार झाली, लोकांनीं ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. पाव दुर्मिळ झाला, आणि अशा दिवसांत सीलिअॅकचीं मुलें मात्र सुधारलेलीं दिसलीं. पाव परत आला तशीं तीं पुन्हां खंगूं लागलीं. डिके यांनीं आपला प्रबंध १९५० सालीं उट्रेख्ट येथें सादर केला, आणि तेव्हांपासून या रोगाचा शत्रु कोण याविषयीं वाद उरला नाहीं.

आतां 'थोडेंसें खाल्ल्यानें काय होतें?' या प्रश्नाकडे वळूं. हा प्रश्न विचारणारीं माणसें प्रेमळ असतात हीच त्यांतली अडचण आहे. गणितच मांडून पाहूं. मध्यम आकाराच्या एका पोळीला सुमारें २५ ग्रॅम कणीक लागते, आणि तींत दोन ग्रॅमांहून अधिक, म्हणजे २,००० मिलिग्रॅमांवर ग्लुटेन असतें. इटलींतील संशोधकांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटांत गेल्यानें रुग्णांच्या आतड्याच्या अस्तरावर परिणाम झालेला दिसला. म्हणजे पोळीचा चाळिसावा हिस्सा! एका घासाचाहि लहानसा तुकडा. उलट ज्या पदार्थावर 'ग्लुटेन फ्री' असें नियमानें छापतां येतें त्याच्या एका किलोंत २० मिलिग्रॅमांहून अधिक ग्लुटेन असूं नये, अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे, व आपल्या भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणानेंहि तीच स्वीकारली आहे. या मर्यादेच्या अगदीं काठावरचा पदार्थ घेतला तरी ५० मिलिग्रॅमांसाठीं तो दिवसाला अडीच किलो खावा लागेल. हा हिशेब एकदां मनांत बसला म्हणजे दोन्ही टोकांची भीति जाते; 'थोडेंसें' म्हणून धकवावेंसें वाटत नाहीं, आणि प्रत्येक पुड्याला उगाच घाबरावेंसेंहि वाटत नाहीं.

पुडा हातांत घेतला कीं आधीं तो उलटा करावा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानें छापलेली असते. जें सर्वांत अधिक तें पहिलें. पुढच्या बाजूवर 'नाचणी बिस्किट' असें ठळक अक्षरांत असतें, आणि मागें पहिला शब्द मैदा, नाचणी चौथ्या-पांचव्या स्थानावर! 'मल्टीग्रेन' या शब्दाचा अर्थ अनेक धान्यें एवढाच. त्यांतलें मुख्य धान्य बहुधा गहूंच असतें. यादी संपली कीं तिच्याजवळ 'कंटेन्स' या शब्दानें सुरू होणारी ओळ शोधावी. २०२० सालच्या लेबलविषयक नियमांप्रमाणें गहूं, राय, जव, ओट्स यांसारखीं ग्लुटेनयुक्त धान्यें पदार्थांत असल्यास तें अशा ओळींत निराळें सांगावें लागतें. कांहीं पुड्यांवर 'मे कंटेन' अशी आणखी एक ओळ असते. पदार्थांत गहूं घातलेला नाहीं, पण त्याच कारखान्यांत गव्हाचें काम चालतें व त्याचा अंश मिसळला जाण्याचा संभव आहे, असा तिचा अर्थ. आमच्या घरीं असा पुडा परत फळीवर जातो. हिरव्या ठिपक्याचा येथें कांहीं उपयोग नाहीं; तो पदार्थ शाकाहारी आहे एवढेंच सांगतो, आणि गव्हाइतकें शाकाहारी दुसरें काय आहे?

खरी गोम शब्दांत आहे. लेबल इंग्रजींत किंवा हिंदींत छापावें असा नियम असल्यामुळें, स्वयंपाकघराची सत्ता जिच्या हातीं आहे त्या आजीला पुष्कळदां तें वाचतांच येत नाहीं. म्हणून मीं आमच्या फडताळाच्या दाराच्या आंतल्या बाजूस एक कागद डकविला आहे. त्यावर लिहिलें आहे: व्हीट म्हणजे गहूं, सेमोलिना आणि सूजी म्हणजे रवा, ड्यूरम आणि स्पेल्ट हे गव्हाचेच प्रकार, बार्ली म्हणजे जव, आणि मॉल्ट म्हणजे बहुधा मोड आणून भाजलेला जवच. हा मॉल्ट मोठा लबाड शब्द आहे. दुधांत घालावयाच्या पुडींत तो असतो हें एक वेळ लक्षांत येईल, पण मक्याच्या पोह्यांतहि तो चवीसाठीं घातलेला आढळतो, आणि मक्याला कोण संशय घेणार? चिनी पद्धतीच्या सोया सॉसमध्येंहि बहुधा गहूं असतो. ओट्सचें प्रकरण थोडें निराळें. तें धान्य पुष्कळांना सोसतें, पण शेतांत व गिरणींत त्यांत गहूं मिसळलेला असतो. म्हणून 'ग्लुटेन फ्री' असें छापलेलेच ओट्स, तेहि डॉक्टरांना विचारून घ्यावे.

उलट कांहीं शब्द नुसत्या नादसाम्यानें घाबरवितात. ग्लुकोज आणि मोनोसोडियम ग्लुटामेट यांचा ग्लुटेनशीं संबंध नाहीं. 'ग्लुटिनस राइस' म्हणजे चिकट तांदूळ. त्यांत ग्लुटेन नसतें. 'बकव्हीट' या नांवांत गहूं आहे, धान्यांत नाहीं. आपल्याकडे ज्याला कुट्टू म्हणतात तें हें. आणि इंग्रजींतील राय म्हणजे आपली राई नव्हे, हें सांगावयास हवें. एका परिचित गृहिणीनें त्या गैरसमजानें फोडणींतील मोहरी महिनाभर बंद ठेवली होती.

आतां आपल्या मराठी घरांतल्या वस्तूंकडे येऊं, कारण परकी खाद्यें टाळणें त्या मानानें सोपें असतें. पहिला क्रमांक हिंगाचा. डबींतला हिंग हा बहुधा शुद्ध हिंग नसून बांधणीचा असतो. त्यांत डिंक आणि मैदा किंवा दुसरें एखादें पीठ मिसळलेलें असतें. डबी इवलीशी, अक्षरें त्याहून इवलीं. पण वाचतां येतात. तांदळाच्या पिठांत बांधलेला हिंग बाजारांत मिळतो, तो शोधावा. नाहीं तर आमटीपासून लोणच्यापर्यंत प्रत्येक पदार्थांत गव्हाचा अंश रोज उतरत राहील. दुसरें मेतकूट. आजारी माणसाला मऊ भाताबरोबर आपण जें हमखास देतों त्या मेतकुटांत डाळी व तांदळाबरोबर मूठभर गहूं भाजून घालण्याची चाल आहे. थालिपिठाच्या व चकलीच्या भाजणींत घरोघरीं निराळें प्रमाण, त्यांत गहूं असूं शकतो. विकतच्या भाजणीचा पुडा वाचल्याशिवाय घेऊं नये. सातूचें पीठ तर उघड उघड गव्हाचें. आणि खपली! खपली गहूं पचावयास हलका म्हणून हल्लीं त्याची फार ख्याति आहे, आणि 'तुमच्या नातीला खपली चालेल' असें मला आजवर अनेकांनीं मनापासून सांगितलें आहे. खपली हा गहूंच आहे, त्यांत ग्लुटेन आहे, आणि सीलिअॅकच्या माणसाला तो चालत नाहीं.

एकदां वाचलेला पुडा कायमचा वाचला गेला असें मात्र समजूं नये. आमच्याकडे एका कंपनीचा तयार मसाला दोन वर्षें येत होता. नांव तेंच, रंग तोच, चित्र तेंच, एके दिवशीं नातीनें सवयीनें पुडा उलटा केला आणि म्हणाली, "आजोबा, यांत आतां व्हीट फ्लोअर आहे." घटक बदलले होते, आणि पुढच्या बाजूवर त्याचा मागमूसहि नव्हता. मीं कंपनीला पत्र घातलें. उत्तर नम्र आलें, तें असें कीं घटकांची माहिती पुड्यावर दिलेलीच असते. तें खरेंहि आहे! तेव्हांपासून आमच्या घरीं प्रत्येक पुडा प्रत्येक वेळीं वाचला जातो, आणि तो नातच वाचते. हें मला महत्त्वाचें वाटतें. आजोबा सहलीला बरोबर जाणार नाहींत, वसतिगृहांतहि जाणार नाहींत. जन्मभराचें पथ्य ज्याचें त्यालाच वाचतां आलें पाहिजे.

पुडा टाळून सुटें धान्य आणलें म्हणजे काम संपलें असेंहि नाहीं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत ग्लुटेन नाहीं. पण कोपऱ्यावरच्या गिरणींत आधींच्या गिऱ्हाइकाचा गहूं दळून झाला कीं त्याच जात्यांतून आपली ज्वारी निघते, आणि पहिल्या शेर-दोन शेरांत गव्हाचें पीठ मिसळलेलें असतें. शक्य असेल त्यानें घरघंटी घ्यावी व तींत गहूं दळूं नये. नसेल त्यानें पीठ 'ग्लुटेन फ्री' छापलेलें पाहून घ्यावें. डाळ-तांदूळ निवडतांना अधूनमधून गव्हाचा दाणा सांपडतोच, तेव्हां निवडणें आणि धुणें या जुन्या चाली सोडूं नयेत. दुकानांतले बटाट्याचे काप दिसावयास निरुपद्रवी, पण ज्या कढईंत समोसे तळले त्याच तेलांत ते तळलेले असतात.

राहतां राहिलें शेजारपाजार. मुलीला वाढदिवसाला, हळदीकुंकवाला पाठवावयाचेंच नाहीं, हा उपाय रोगाहून वाईट. आम्हीं आळींतल्या चार घरांत आधींच सांगून ठेवलें आहे कीं तिच्यासाठीं वेगळें कांहीं करूं नका. फळ, दूध, घरीं केलेली शेंगदाण्याची चिक्की किंवा नारळाची वडी असली कीं पुष्कळ झालें. आणि अनुभवानें एक गोष्ट ध्यानांत आली आहे. उपासाला आपण धान्य टाळतों, आणि उपासाच्या पदार्थांत हिंगहि घालीत नाहीं. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू, शिंगाड्याचा शिरा. यांतल्या कोणत्याहि जिनसांत ग्लुटेन नाहीं. त्यामुळें आषाढी एकादशीला आमची नात कोणाच्याहि घरीं, फक्त पीठ कोठें दळलें एवढें विचारून, निश्चिंतपणें पानावर बसते.