बायोडिझेलचा हिशेब कढईपासून



वेळ थोडा आहे, म्हणून एकाच मुद्द्यावर बोलतो. बायोडिझेल किती स्वच्छ, याचा हिशेब तेल कुठून आलं तिथपासून मांडायला हवा. आपण तो गाडीच्या धुराड्यापाशी सुरू करतो आणि तिथेच संपवतो.

धुराची बाजू आपल्याला पाठ आहे. या इंधनात वजनाच्या सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असतो, गंधक जवळपास नसतंच. त्यामुळे काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड घटतात. नायट्रोजनची ऑक्साइडं मात्र किंचित वाढू शकतात, आणि तेही आपणच सांगितलं पाहिजे.

१९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चाललं. पण लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक आयात करणाऱ्या देशाला ताटातलं तेल टाकीत ओतणं परवडणारं नाही. इंडोनेशियाने पामतेलाच्या जोरावर ४० टक्के मिश्रणापर्यंत मजल मारली. मात्र जिथे पामसाठी दलदलीतली जंगलं तोडली, तिथे जमिनीतून सुटलेल्या कार्बनची भरपाई व्हायला कित्येक पिढ्या जातील.

आपण मोगली एरंडावर भिस्त ठेवली. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने एक कोटीहून अधिक हेक्टरांवर लागवडीचा आराखडा मांडला. झाड पडीक माळावर जगतं, गुरं त्याला तोंड लावत नाहीत, हे खरंच होतं. पण पाण्या-खताशिवाय बियांचा उतारा पडेना. शिवाय कागदावरच्या 'पडीक' जमिनीवर कुणाच्या तरी शेळ्या चरत होत्या. ज्या शेतकऱ्यांनी आपल्या शब्दावर रोपं लावली, त्यांचं नुकसान विसरण्याचा अधिकार आपल्याला नाही.

२०१८ च्या धोरणाने २०३० पर्यंत ५ टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट ठेवलं आणि वापरलेल्या तळणीच्या तेलाकडे लक्ष वळवलं. माझ्या मते खरा मार्ग हाच आहे. वड्या-भज्यांच्या गाडीवरची संध्याकाळची कढई पाहा: तेल काळपट, दाट झालेलं, घाणा टाकला की फेस वर येतो. ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांवर गेली की ते तेल तळणीतून बाद, असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. तरी डबे भरून तेच तेल आणखी लहान टपरीवर जातं आणि गरिबाच्या पोटात उतरतं. ते अडवलं, तर इंधनाआधी आरोग्याचं भलं होईल.

आपल्या कारखान्यात हे तेल पाणी, पिठाचे कण आणि आम्ल घेऊनच येतं. गाळा, तापवून पाणी उडवा, आम्लांक काढा, मगच पुढे जा. इथे घाई केली की कॉस्टिक पडताच साबण धरतो आणि ग्लिसरीन तळाशी नीट बसत नाही. शंभर किलो तेलाला दहा-अकरा किलो मिथेनॉल लागतं. तेही बहुतांशी नैसर्गिक वायूपासून किंवा कोळशापासून येतं, तेव्हा हिशेबात तेही धरा.

उद्याच्या सत्रांत यंत्रांवर भरपूर चर्चा होईल. माझी विनंती आहे की पहिला तास भावाला द्या. टपरीवाला डब्याला जो दर देतो, त्यापेक्षा चार पैसे जास्त, तेही रोख आणि दारात, आपण गाडीवाल्याला कसे देणार? वाहतुकीचा खर्च कोण उचलणार? गोळा करणाऱ्या माणसाच्या हाती तेल तपासायचं साधन कधी देणार? या तीन प्रश्नांची आकड्यांतली उत्तरं ठरावात यावीत, एवढीच माझी मागणी आहे.