कारागिराला सोबत हवी

(कोल्हापूर येथे लघुउद्योजकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



निर्यातीविषयी बोलण्यास आपण मला पाचारण केलेत, याचा थोडा संकोच वाटतो. मी व्यापारी नव्हे. कलाशाखेचा पदवीधर आणि पेशाने पत्रकार. परंतु एका चुकीत माझाही वाटा आहे आणि ती आपणांस सांगणे मी कर्तव्य समजतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या परिचयातील एका चप्पल-कारागिरांना परदेशातून ३०० जोडांची मागणी आली. इंग्रजी पत्र घेऊन ते माझ्याकडे आले. माल पोहोचल्यावर ६० दिवसांनी पैसे मिळतील, असा अर्थ मी सांगितला. दोघेही हरखलो. माल गेला, पैसे आले नाहीत. मी शब्दांचा अर्थ सांगितला होता, त्यातील जोखीम मलाच उमगली नव्हती. अशा उधारीचा विमा उतरवणारे निर्यात पत हमी महामंडळ १९५७ पासून देशात आहे, बँकेमार्फत पतपत्राचा आग्रह धरता येतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते.

त्यांच्या हातांत कला होती. उणीव होती ती जाणत्या सोबतीची.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये प्राडा कंपनीने मिलान येथे तशाच चपला सादर केल्या, तेव्हा उगमाचा उल्लेखही नव्हता. आपण संतापलो, ते योग्यच. पुढे कंपनीने उगम मान्य केला आणि त्याच वर्षी डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. तरीही प्रश्न उरतोच: जगाला हवी असलेली वस्तू घडवणारा आपला माणूस त्या बाजारात स्वतःच्या पायांनी का पोहोचू नये?

वाट दुर्गम नाही. आयात-निर्यात क्रमांक ५०० रुपये शुल्कात, घरबसल्या मिळतो. छोटी पार्सले डाकघर निर्यात केंद्रातून धाडता येतात. खरी कसोटी पुढेच आहे. त्वचेला स्पर्श करणाऱ्या चामडी वस्तूंत घातक षट्‌संयुजी क्रोमियम किलोमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा कमी असावे, असा युरोपीय संघाचा नियम मे २०१५ पासून लागू आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांनी चामडे कमावण्याच्या आपल्या परंपरागत रीतीत क्रोमियम वापरतच नाहीत! परंतु परदेशी ग्राहक परंपरेवर विसंबत नाही. तो प्रयोगशाळेचा दाखला मागतो. शिवाय पहिल्या जोडाचे माप शंभराव्या जोडातही तेच हवे. हा खर्च आणि ही शिस्त एकट्याला पेलणार नाही. पन्नास जण एकत्र आले तर पेलेल. महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्था १९९१ साली ‘महाग्रेप्स’च्या रूपाने अशाच एकत्र आल्या आणि युरोपच्या बाजारात उतरल्या.

म्हणून माझी विनंती आहे. आपल्या गावात निवृत्त बँक अधिकारी आहेत, हिशेबनीस आहेत, प्राध्यापक आहेत. त्यांनी आठवड्यातील एक सायंकाळ कारागिरांसाठी राखावी. पत्र वाचावे, अटी तपासाव्यात आणि प्रसंगी ‘हा सौदा नको’ असेही स्पष्ट सांगावे.

ते कारागीर आजही चपला घडवतात. परदेशाचे नाव काढले की नुसती मान हलवतात. पुन्हा कधी त्यांच्या हाती असे पत्र आले, तर ते वाचायला मी एकटा नसावा, एवढीच इच्छा.