खुर्द्याचे मोल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजचा विषय मी निवडलेला नाही. चिटणीसबाईंनी तो माझ्या पदरात टाकला. त्या म्हणाल्या, "तुम्ही सारी नोकरी बँकेच्या खिडकीत नाणी मोजण्यात घालवलीत. आमच्या भगिनी मात्र रोज विचारतात की, डब्यातल्या जुन्या नाण्यांना लाखो रुपये येतात म्हणे, ते खरे का? तेवढे एकदा सांगून टाका." तेव्हा तेवढेच सांगते.

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्यापैकी पुष्कळजणींचा पहिला स्वतःचा पैसा म्हणजे हा खुर्दाच. भाजीतून वाचवलेला, ओवाळणीत पडलेला, फडताळातल्या डब्यात साठवलेला. त्याचे मोल कळणे आपल्या हिताचे आहे. आणि ते न कळल्यामुळे नुकसान कसे होते, तेही मी पुढे सांगणार आहे.

प्रथम दर्शनी किंमत म्हणजे काय ते पाहू. आपल्या आजीच्या वेळचा रुपया चांदीचा होता. 1940 साली त्यातली चांदी निम्म्यावर आली, आणि 1947 साली रुपया निकेलचा झाला. तेव्हापासून नाण्याची किंमत धातूत राहिली नाही, ती सरकारच्या शब्दात राहिली. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान पद्धत आली, सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि 1964 साली त्यांतला 'नवा' गेला. चौकोनी एक पैसा, षट्‌कोनी तीन पैसे, कंगोऱ्यांचे दहा पैसे, कमळाचे पितळी वीस पैसे, गेंड्याचे पंचवीस पैसे ही सारी मंडळी आपण हाताळली आहेत. 30 जून 2011 पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. पन्नास पैशांचे नाणे मात्र कायद्याने आजही चालते, दुकानदार नाक मुरडत असला तरी!

म्हणजे गेंड्याच्या पावलीची दर्शनी किंमत आता शून्य आहे. तिला काही मिळायचे, तर ते हौशी संग्राहकाकडूनच मिळणार. तो कशाकरिता पैसे देतो, हे समजले की सगळा उलगडा होतो.

कोणी म्हणेल, धातूकरिता. तसे घडलेले आहे. 2007 साली बातम्या आल्या होत्या की, आपली पोलादी नाणी चोरट्या मार्गाने बांगलादेशात जातात आणि तिथे ती वितळवून दाढीची पाती करतात. कोलकात्याकडे तेव्हा मोडीची टंचाई पडली होती. रुपयाचे नाणे पाडायलाच रुपयाहून अधिक खर्च येतो, असेही टाकसाळीने 2018 साली दिलेल्या माहितीवरून प्रसिद्ध झाले. तो आकडा 1 रुपया 11 पैसे होता. पण हा आपला मार्ग नव्हे. 2011 च्या नाणे कायद्याप्रमाणे चलनातले नाणे वितळवणे किंवा मोडणे हा गुन्हा आहे, आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

दुसरी समजूत अशी की, जुने ते मोलाचे. हीही फसवी. महायुद्धात तांबे वाचवण्यासाठी 1943 पासून भोकाचा पैसा निघाला, तो आपल्या आयांच्या करगोट्यांत आणि लंगरांत ओवलेला असे. इतका जुना असूनही तो आज थोडक्या पैशांत मिळतो, कारण तो अफाट संख्येने पाडला गेला आणि घरोघर उरला. उलट एखादे अलीकडचे नाणेसुद्धा महाग असू शकते. वय नव्हे, दुर्मिळपणा पाहायचा.

तो कसा ओळखायचा? नाण्यावरचे साल पाहा आणि त्या सालाच्या खाली पाहा. आपल्याकडे चार टाकसाळी आहेत. मुंबईच्या नाण्यावर सालाखाली शंकरपाळ्यासारखी छोटी खूण असते. हैदराबादेच्या नाण्यावर चांदणी असते. 1988 साली सुरू झालेल्या नोएडाच्या नाण्यावर ठिपका असतो, आणि कोलकात्याच्या नाण्यावर काहीच नसते. मोडीची चणचण पडली तेव्हा काही नाणी परदेशांतूनही पाडून आणली. 1985 च्या काही रुपयांवर बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीचे 'एच' हे अक्षर दिसते. एकाच सालचे, एकाच किमतीचे नाणे एका टाकसाळीतून भरमसाट निघते आणि दुसरीतून अगदी थोडे. साधारण माणसाला दोन्ही सारखीच दिसतात. संग्राहक मात्र त्या थोड्यातल्या एकासाठी खिसा सैल करतो. नुसती खूण असली म्हणून मोल येत नाही, ती खूण त्या सालात विरळ असावी लागते.

तिसरी गोष्ट नाण्याच्या प्रकृतीची. इथे आपला, बायकांचा, संबंध फार जवळचा! दिवाळी आली की आपण देव्हाऱ्यातल्या नाण्यांना चिंच लावतो, राख लावतो, घासून लख्ख करतो. आपल्याला वाटते, नाणे उजळले. संग्राहक ते भिंगाखाली धरतो तेव्हा त्याला बारीक ओरखडेच ओरखडे दिसतात. टाकसाळीतून निघताना नाण्यावर जी मूळची झळाळी असते ती एकदा गेली की ब्रह्मदेवालाही परत आणता येत नाही. जे नाणे बाजारात कधी फिरलेच नाही, ज्याची अक्षरे आणि काठ करकरीत आहेत, त्याला झिजलेल्या भावंडाच्या कित्येक पट किंमत मिळते. म्हणून माझे सांगणे असे: पूजेतली नाणी खुशाल घासा, त्यांचे मोल निराळे आहे. पण ठेवणीतल्या नाण्याला चिंच लावू नका. ते नेहमी कडेने धरावे, कोऱ्या कागदाच्या पाकिटात ठेवावे. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये. त्यातले द्रव्य सुटून नाण्यावर हिरवट चिकटा धरतो.

चौथी गोष्ट टाकसाळीच्या चुकीची, आणि सगळ्यांत मौज हिच्यात आहे. नाणे तयार होते ते असे. धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात आणि मग दोन ठशांच्या मध्ये चकती दाबतात. पट्टी नीट सरकली नाही, तर चकतीचा एक तुकडा आधीच गेलेला असतो, आणि नाणे कोणी चावा घेतल्यासारखे दिसते. चकती सरकली, तर चित्र एका बाजूला पडते. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले, तर पुढच्या चकतीच्या एका अंगावर तेच चित्र उलटे आणि खोलगट उमटते. कधी रुपयाचा ठसा दुसऱ्याच नाण्याच्या चकतीवर पडतो. अशी नाणी तपासणीत बाजूला काढतात. त्यातून एखादे निसटते आणि भाजीवालीच्या गल्ल्यातून आपल्या हाती येते. आपण ते खोटे समजून परत करतो, आणि जाणकार तेच जपून ठेवतो.

मात्र हातोडीने ठोकलेले, कानशीने घासलेले, रुळावर चेपलेले नाणे म्हणजे टाकसाळीची चूक नव्हे, ती खोडी झाली. खरा चावा असेल, तर त्याच्या बरोबर समोरचा काठही बहुधा फिका उमटलेला दिसतो, कारण दाबाच्या वेळी तिथे धातू पुरता चढत नाही. कानशीने केलेल्या चाव्यासमोरचा काठ ठणठणीत असतो.

आणि अखेरची गोष्ट म्हणजे गिऱ्हाईक. दुर्मिळ, करकरीत नाणेसुद्धा कोणाला हवे असेल तरच त्याला भाव. विकणाऱ्याने मागितलेली रक्कम म्हणजे किंमत नव्हे. कोणी तरी ती प्रत्यक्ष मोजून दिली, म्हणजे ती किंमत झाली.

इथेच मी त्या नुकसानीकडे येते. 2012 साली माता वैष्णोदेवीचे चित्र असलेली पाच आणि दहा रुपयांची नाणी निघाली. त्यांतल्या एकाला लाखो रुपये मिळतात, असे संदेश फोनवर फिरतात. आमच्या आळीतल्या एका भगिनीने हे वाचून नाण्याचे छायाचित्र पाठवले. लगेच गोड आवाजात फोन आला. "ताई, तुमचे नाणे पसंत आहे, फक्त नोंदणीचे पैसे भरा." ते भरले. मग कर भरा म्हणाले, मग पोहोचवण्याचा खर्च. शिवणकामाचे, महिनेन्‌महिने साठवलेले पैसे गेले, आणि नाणे तिच्या हातातच राहिले. घरात बोलायची सोय नव्हती. नाणी मोजायला म्हणून ती माझ्याकडे आली आणि रडली. मला तिचा राग आला नाही. मुलीच्या फीसाठी कोणीही आशेने हात पुढे करील. राग आला तो त्या गोड आवाजाचा.

भगिनींनो, त्या नाण्यावर देवी आहे. तिला हात जोडावेत. पण ती नाणी भरपूर निघाली, आजही बाजारात सापडतात, आणि म्हणून ती दुर्मिळ नाहीत. ऑगस्ट 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर इशारा दिला की, जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आपला काही संबंध नाही, आणि आपल्या नावाने कोणी शुल्क, दलाली वा कर मागितल्यास देऊ नये. खूणगाठ बांधा: खरा गिऱ्हाईक पैसे देतो, मागत नाही. आणि फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नका. 1930 ह्या क्रमांकावर तत्काळ कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवण्याची आशा अधिक.

मग डब्याचे काय करायचे? एका दुपारी तो चादरीवर ओता. नातवंडांना बरोबर घ्या. किमतीप्रमाणे, मग सालाप्रमाणे, मग खुणेप्रमाणे ढीग लावा. वेगळे दिसेल ते बाजूला ठेवा, आणि नाण्यांच्या प्रदर्शनात निदान दोन-तीन जाणकारांना दाखवा. मुंबईला गेलात तर फोर्टमधले रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय जरूर पाहा. नाशिकजवळ अंजनेरीला तर नाणेशास्त्राची संशोधनसंस्थाच आहे. बाकीची चालू नाणी बाजारात जाऊ द्या. दहाचे नाणे कोणी नाकारले तर ठणकावून सांगा की, त्याचे सगळे नमुने कायदेशीर आहेत.

बहुतेकींच्या डब्यात लाखाचे नाणे निघणार नाही, हे मी स्पष्टच सांगते. एखादे शंभर-दोनशेचे निघाले तर ती आनंदाची बाब. पण सालाखालची एवढीशी खूण ज्या डोळ्यांना दिसू लागली, ते डोळे पुढे पावतीवरची बारीक अक्षरे आणि कर्जाच्या कागदावरचे कलमही वाचतील. मंडळाच्या पुढच्या सभेला प्रत्येकीने आपल्या डब्यातले एक नाणे आणावे. भिंग मी आणते.