आईला दाराबाहेर ठेवू नका



कल्याणच्या आनंदीबाई जोशींचे बाळ अवघे दहा दिवस जगले. पुढे त्या समुद्र ओलांडून गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. नवजात बाळांविषयी बोलण्याचा हक्क ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या या भागाला आहे, एवढे सांगून स्थळमाहात्म्य आवरते.

आज बोलायचे आहे ते वेळेआधी जन्मलेल्या बाळांविषयी आणि अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर ठेवलेल्या त्यांच्या आयांविषयी. आईच्या रक्तातली प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात ती मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत. तिसाव्या आठवड्यातच जन्मलेले मूल ती शिदोरी अपुरीच घेऊन येते. त्यात कातडी कागदासारखी पातळ, अंगाला सुया आणि नळ्या. ही तूट काही प्रमाणात भरून काढतो तो चीक आणि त्यामागून येणारे दूध. लुकास आणि कोल यांनी १९९० साली ब्रिटनमधील ९२६ कमी दिवसांच्या बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आतड्याचा भाग मरून जाण्याचा एनईसी हा आजार, निव्वळ आईच्या दुधावरच्या बाळांपेक्षा निव्वळ पावडरच्या दुधावरच्या बाळांत सहा ते दहा पट आढळला. शिवाय आई वॉर्डात वावरली की तिथल्या जंतूंविरुद्धची प्रतिपिंडेही तिच्या दुधात उतरू लागतात. म्हणजे दूध हवे असेल तर आईही तिथेच हवी. आपल्याकडे नेमकी इथेच फाळणी होते. प्रसूती डोंबिवलीच्या नर्सिंग होममध्ये, बाळ कळव्याच्या किंवा थेट मुंबईत शीवच्या रुग्णालयात, आणि सिझेरियन झालेली आई मागेच. दूध काढले जात नाही, पान्हा आटतो आणि मग "दूधच येत नाही" असा शेरा तिच्या माथी बसतो.

यावर पहिला आक्षेप असा, की आई बाहेरचे जंतू आत आणते. भीती खोटी नाही. पण त्यावर उपाय साबण-पाण्याचा आहे, बंद दाराचा नव्हे. दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांतल्या रुग्णालयांत आईला अतिदक्षता विभागातच ठेवून जन्मल्यापासून कांगारू पद्धतीने बाळ छातीशी दिले. २०२१ साली निष्कर्ष आले: २८ दिवसांतले मृत्यू नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के, तर या पद्धतीत १२ टक्के, आणि जंतुसंसर्गाचा संशयही कमी. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दुधातूनच सायटोमेगॅलो विषाणू जाऊ शकतो, आणि अगदी लहान बाळाला तो बाधतो. दूध गोठवून तो पुरता मरत नाही, ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवले की मरतो, पण सोबत दुधाची थोडी ताकदही जाते. तोलूनमापून ठरवायची ही गोष्ट आहे. मात्र म्हणून डबा उघडणे हा तोल नव्हे, कारण पावडरही निर्जंतुक नसते. आईचे दूध नसेलच तर दूधपेढी आहे. आशियातली पहिली दूधपेढी १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी शीवच्या रुग्णालयात सुरू केली. तरी दात्याचे दूध दुसऱ्या क्रमांकाचेच.

चौतीस आठवड्यांच्या आत बाळाला दूध नीट ओढता येत नाही हे खरे, पण म्हणून आईचे दूध अडत नाही. नळीने आणि पुढे वाटी-चमच्याने देता येते. तेव्हा या सभागृहातून जाताना एवढेच मनावर घ्या: बाळाला दुसरीकडे पाठवताना चिठ्ठीवर आईचेही नाव लिहा, तिला हलवता येत असेल तर त्याच गाडीत बसवा, आणि येत नसेल तर पहिल्या काही तासांतच तिला दूध काढायला शिकवून ते बाळामागोमाग पाठवा.