विश्वनाथ प्रताप सिंग आणि बौद्धांच्या सवलतींचा प्रश्न

(नवदीक्षित कुटुंबांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपणांपैकी बहुतेकांनी अगदी अलीकडे त्रिशरण-पंचशील ग्रहण केले आहे. आपल्या घरी आता मुलांच्या शाळेच्या दाखल्याचा, शिष्यवृत्तीचा, नोकरीच्या अर्जाचा प्रश्न निघत असेल. आणि कोणी तरी शेजारी आपणांस भीती घालीत असेल की, ‘बौद्ध झालात, आता सवलती गेल्या.’ ही भीती आज निराधार आहे. परंतु ती निराधार कशी झाली हे सांगू लागले की एका माणसाचे नाव घ्यावे लागते, आणि ते घेताच कोणत्याही सभेत दोन तट पडतात. ते नाव भारताचे माजी पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंग ह्यांचे होय.

हा गृहस्थ २ डिसेंबर १९८९ ते १० नोव्हेंबर १९९० असे अवघे अकरा महिने पंतप्रधान होता. १९८९ साली ज्यांनी त्यांना ‘राजा नव्हे, फकीर’ म्हणून डोक्यावर घेतले, त्यांतल्याच पुष्कळांनी वर्षाच्या आत त्यांच्या प्रतिमा जाळल्या. एका पक्षाच्या मते ते सामाजिक न्यायाचे कैवारी. दुसऱ्याच्या मते मतांसाठी जातीजातींत कलह लावणारे. २७ नोव्हेंबर २००८ रोजी ते वारले तेव्हा मुंबईवरचा हल्ला चालू होता, आणि त्या गदारोळात त्यांच्या मृत्यूची वार्ता जवळजवळ हरवून गेली. उत्तर प्रदेशातील मांडा येथील राजघराण्यात दत्तक गेलेल्या ह्या माणसाचा पुतळा २०२३ साली उभा राहिला तो कोठे, तर चेन्नईच्या प्रेसिडेन्सी कॉलेजच्या आवारात. ज्या प्रांताने वाढविले तो विसरला, आणि द्रविड चळवळीच्या प्रांताने आठवण ठेवली, ह्यातच मतभेदाचे मूळ दिसून येते.

आता आपला संबंध काय, तो पाहा. १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींसंबंधी जो आदेश काढला, त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने असे ठरविले की हिंदूखेरीज अन्य धर्म पाळणाऱ्यास अनुसूचित जातीचा मानू नये. शिखांतील मोजक्या जातींना त्यातून वगळले होते. १९५६ साली ते दार सर्व शीख अनुसूचित जातींसाठी उघडले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूर येथे बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बुद्धाचा धम्म स्वीकारला, आणि त्या लाखोंसाठी मात्र दार बंदच राहिले. ज्या अस्पृश्यतेने त्यांना अनुसूचित केले, ती गावाच्या वेशीवर, पाणवठ्यावर जशीच्या तशी होती. कागदावर ती एका दिवसात संपली, असे सरकारने मानले!

महाराष्ट्र राज्याची स्थापना १९६० साली झाली, तेव्हा राज्य सरकारने बौद्धांना सवलती दिल्या. केंद्राने दिल्या नाहीत. ह्याचा परिणाम असा झाला की एकाच घरात बापाच्या राज्याच्या कागदावर ‘नवबौद्ध’ आणि मुलाच्या केंद्राच्या अर्जावर ‘हिंदू’. कपाटावर बुद्धाची मूर्ती, कपाटात दुसराच दाखला. धम्म सोडावा की भाकर सोडावी, असा पेच एका स्वतंत्र देशाने आपल्या नागरिकांवर चौतीस वर्षे लादला. त्या काळात ज्यांनी अर्जावर ‘हिंदू’ लिहिले त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आज आपणांस नाही. तसेच ‘बौद्ध’ लिहून ज्यांनी नोकरीवर पाणी सोडले त्यांना विसरण्याचाही नाही.

हा अन्याय कोणी मुकाट्याने सोसला असे समजू नका. कर्मवीर दादासाहेब गायकवाड ह्यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने १९६४ साली दहा मागण्यांचे निवेदन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री ह्यांना सादर केले, आणि ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर सत्याग्रह मांडला. त्याला आपण भूमिहीनांचा सत्याग्रह म्हणतो, कारण कसेल त्याला जमीन ही त्यातली मोठी मागणी होती. परंतु त्या दहांत पहिली मागणी होती, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावावे. आणि सातवी होती, बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या सर्व सवलती द्याव्यात. त्यासाठी हजारो स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. कित्येक माता तान्ही मुले कडेवर घेऊन गेल्या. दादासाहेब १९७१ च्या डिसेंबरात गेले. ह्या दोन मागण्या पुऱ्या झालेल्या त्यांनी पाहिल्या नाहीत.

त्या पुऱ्या झाल्या १९९० साली, विश्वनाथ प्रताप सिंग ह्यांच्या कारकिर्दीत. १२ एप्रिलला मध्यवर्ती सभागृहात त्यांच्याच हस्ते बाबासाहेबांच्या तैलचित्राचे अनावरण झाले. १४ एप्रिलला बाबासाहेबांना मरणोत्तर ‘भारतरत्न’ देण्यात आले आणि ते माईसाहेबांनी स्वीकारले. आणि ३ जून १९९० रोजी तो छोटासा कायदा झाला, ज्याने १९५० च्या आदेशात ‘हिंदू, शीख’ ह्यांच्यापुढे ‘बौद्ध’ हा एक शब्द घातला. श्रम व कल्याण खाते तेव्हा रामविलास पासवान ह्यांच्याकडे होते. कायदा तो केवढा! पण त्या एका शब्दाने लाखो घरांतला दुसरा दाखला निकालात निघाला.

आपल्यातीलच काही मंडळी म्हणतात, ‘हे सारे मतांसाठी.’ मंडल आयोगाविषयी तर हा आरोप सर्रास होतो. १९८० च्या अखेरीस सादर झालेला तो अहवाल दहा वर्षे धूळ खात पडला होता. ७ ऑगस्ट १९९० रोजी सिंग ह्यांनी त्यानुसार केंद्राच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांना २७ टक्के जागा राखण्याची घोषणा केली. देवीलाल ह्यांना मंत्रिमंडळातून काढून आठवडाही झाला नव्हता; त्यांच्या मेळाव्यातली हवा काढून घेण्यासाठीच हा डाव होता, असे टीकाकार म्हणतात. असेलही. परंतु हे वचन राष्ट्रीय आघाडीच्या १९८९ च्या जाहीरनाम्यात दिलेले होते, हे सांगण्यास ते विसरतात. आपल्या धम्मात कर्माहून चेतनेस महत्त्व आहे, हे मी जाणतो. तथापि राज्यकर्त्याची चेतना तपासण्याचे साधन तुमच्याजवळ नाही आणि माझ्याजवळही नाही. राजपत्र मात्र आहे, व ते कोणासही वाचता येते.

त्या वेळचा विरोध कसा होता, हे आपल्या मुलांना अवश्य सांगा. महाविद्यालयीन तरुण रस्त्यावर बसून बुटांना पॉलिश करू लागले, हातात झाडू घेऊन रस्ते झाडू लागले. ‘आता आमच्यावर हीच पाळी येणार,’ असे त्यांना दाखवावयाचे होते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी हे काम केले त्यांच्यावरही कधी तरी ही पाळी आणली गेली होती, हे त्यांच्या मनात आले नाही. काहींनी स्वतःस पेटवून घेतले. त्या कोवळ्या पोरांविषयी माझ्या मनात करुणाच आहे. ज्या वडीलधाऱ्यांनी त्यांना इतके भडकविले त्यांच्याविषयी मात्र तेच म्हणता येत नाही. पुढे १६ नोव्हेंबर १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते २७ टक्के वैध ठरविले; मागासवर्गीयांतील संपन्न थर वगळावा आणि एकूण राखीव जागा सर्वसाधारणपणे पन्नास टक्क्यांवर जाऊ नयेत, असेही सांगितले.

तर मग हा माणूस निर्दोष होता काय? मुळीच नाही. भारतीय जनता पक्षाच्या पाठिंब्यावर त्यांचे सरकार उभे होते, आणि तो पाठिंबा कोणत्या वेळी काढला जाईल हे उघड होते. रथयात्रा अडविल्यावर तो काढला गेला, आणि त्यांनी मशिदीच्या रक्षणाची बाजू सोडण्यापेक्षा खुर्ची सोडली, हे त्यांच्या बाजूने लिहावे लागेल. परंतु डिसेंबर १९८९ मध्ये अपहृत मंत्रिकन्येच्या सुटकेसाठी काश्मीरच्या पाच अतिरेक्यांना सोडण्यात आले, आणि जानेवारी १९९० पासून काश्मिरी पंडितांना घरदार टाकून निघावे लागले, हे त्यांच्याच कारकिर्दीत घडले. त्या निर्वासितांनी त्यांना क्षमा केली नाही, तर त्यांना दोष देता येणार नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे सारे श्रेयही काही जण त्यांच्या पदरात घालतात; तो अंमलात आला ३० जानेवारी १९९० रोजी, हे खरे, पण संमत झाला होता १९८९ साली, राजीव गांधींच्या कारकिर्दीत. ज्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे.

आणखी एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. त्या तिसऱ्या परिच्छेदात आपला शब्द आला, पण ख्रिस्ती आणि मुसलमान झालेले दलित आजही त्याबाहेर आहेत. आपण आत आल्यावर दार लावून घेण्याची भाषा आपल्यातील काही करतात, ती ऐकून लाज वाटते.

थोर पुरुषास कसे जोखावे, हे बाबासाहेबांनी १९४३ साली पुण्यास न्यायमूर्ती रानड्यांवरील व्याख्यानात उकलून दाखविले आहे, आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात राजकारणातील भक्तीचा धोका सांगितला आहे. ती दोन्ही भाषणे घरी वाचा. त्या मापाने मोजले असता, विश्वनाथ प्रताप सिंग आपले उद्धारक ठरत नाहीत. आपल्या वडिलांनी व आज्यांनी तुरुंगात जाऊन जे मागितले, ते सव्वीस वर्षांनी कायद्यात लिहिणारे ते पंतप्रधान. मधल्या साऱ्या पंतप्रधानांनाही ते लिहिता आले असते. त्यांनी लिहिले नाही. एवढे मोठेपण त्यांना दिले म्हणजे पुरे.

आता कागदाविषयी. केंद्राच्या कामासाठी नुसते ‘बौद्ध’ वा ‘नवबौद्ध’ लिहिलेले प्रमाणपत्र चालत नाही. पूर्वीच्या अनुसूचित जातीचे नाव त्यात लागते, कारण बौद्ध हा धर्म आहे, अनुसूचीतील जात नव्हे. ‘जात टाकली, मग लिहावयाची कशाला?’ असे काही भगिनींनी मला विचारले. प्रश्न रास्त आहे. जातीच्या रकान्यात आपण काय आहोत ते लिहीत नसून आपल्यावर काय लादले गेले ते लिहितो. धर्माच्या रकान्यात मात्र आपण काय आहोत ते, म्हणजे ‘बौद्ध’, असेच लिहावे. जनगणनेचा माणूस दारी येईल तेव्हाही हेच सांगावे, आणि त्याने काय टिपले ते विचारून घ्यावे. १९६१ च्या गणनेत देशात सुमारे साडेबत्तीस लाख बौद्ध होते, २०११ च्या गणनेत सुमारे ८४ लाख, त्यांतले ६५ लाख महाराष्ट्रात. भीतीने दडवलेली घरे ह्या आकड्यांत नाहीत.

ज्यांनी मुलांचे दाखले बरोबर आणले आहेत त्यांनी सभा संपताच उजव्या बाजूच्या टेबलापाशी यावे. अर्जांचे नमुने तेथे ठेविले आहेत, आणि भरून देण्यास दोन शिक्षक बसलेले आहेत. जय भीम.