ग्राफिक्स कार्ड आणि त्याचा जॉबर



या व्याख्यानमालेत मोठमोठे विद्वान बोलून गेले. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते मागावर, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. अशा माणसाने संगणकावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्या बाबतीत आम्ही स्वतः ठेच खाल्ली, आणि तीही सभासदांच्या वर्गणीच्या पैशाने, त्या बाबतीत चार शब्द सांगणे आमचे कर्तव्यच ठरते.

आधी ती ठेच सांगतो. आमच्या कचेरीत एक जुना संगणक आहे व त्यावर लिनक्स चालते. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेले हे काम पुढे जगभरच्या लोकांनी वाढवले. ते फुकट मिळते आणि त्याच्या पोटात काय आहे हे कोणासही पाहता येते, म्हणून आम्ही ते पत्करले. यंत्रमागावरील जुन्या कामगारांच्या मुलाखती आम्ही मोबाईलवर घेतो आणि या संगणकावर जपून ठेवतो. त्या मोठ्या पडद्यावर नीट दिसाव्यात म्हणून आम्ही एक जुने ग्राफिक्स कार्ड विकत आणले. खोक्यावर ‘४ जीबी’ असा ठळक आकडा होता. तेवढा पाहून आम्ही पैसे मोजले.

काही दिवसांनी आमचे एक जुने सहकारी वारले. शोकसभेत त्यांचीच मुलाखत दाखवायचे ठरले. दिवे मालवले, पडद्यावर चेहरा आला, आणि दोन शब्द होतात न होतात तोच चित्र अडकू लागले. आवाज पुढे, ओठ मागे. त्यांच्या पत्नी पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. पाच मिनिटांनी आम्ही ते बंद केले आणि भाषणे सुरू केली.

दोष कार्डाचा नव्हता, दुकानदाराचाही नव्हता, आमचा होता. चित्रफीत जशीच्या तशी साठवली तर फार जागा खाते, म्हणून ती आवळून ठेवतात, आणि दाखवताना उलगडतात. आवळण्याच्या पद्धती अनेक आहेत. जुनी व सर्वत्र चालणारी एच २६४, पुष्कळ मोबाईल वापरतात ती एचईव्हीसी, इंटरनेटवरील चित्रफितींत आढळणाऱ्या व्हीपी९ आणि एव्ही१. उलगडण्याचे कष्टाचे काम करण्यासाठी कार्डात स्वतंत्र यंत्रणा असते. आमच्या कार्डात एचईव्हीसीची यंत्रणाच नव्हती. सगळा भार जुन्या प्रोसेसरवर पडला आणि तो थकला. ४ जीबी म्हणजे नुसती साठवण. गोदाम मोठे आहे म्हणून माग जास्त कापड विणत नाही, हे आम्हास कोणी सांगायला हवे होते काय? पण खोक्यापुढे आमची अक्कल चालली नाही.

म्हणून पहिला धडा असा की, आपले काम काय ते आधी ठरवावे. केवळ चित्रपट, भाषणे, गाणी पाहावयाची असतील तर पुष्कळदा वेगळे कार्ड लागतच नाही. इंटेलच्या सातव्या पिढीपासूनच्या ज्या प्रोसेसरांत अंगचे ग्राफिक्स आहे, ते एचईव्हीसी आणि व्हीपी९ सहज उलगडते; एव्ही१ हवे असेल तर अकरावी पिढी किंवा पुढची पाहावी. कार्डच घ्यायचे तर एव्ही१ साठी एएमडीची ६००० मालिका, एनव्हिडियाची आरटीएक्स ३००० मालिका किंवा इंटेलचे आर्क यांपासून पुढे पाहावे. मात्र नावावर भुलू नये. एएमडीच्या याच मालिकेतील ६४०० आणि ६५०० ही धाकटी कार्डे एव्ही१ उलगडत नाहीत, आणि चित्रफीत आवळून साठवण्याची यंत्रणा तर त्यांत मुळीच नाही. घराणे एक, पण हुन्नर वेगळे.

आता दुसरा धडा, आणि आमच्या मते तोच मुख्य. माग कितीही चांगला असला तरी तो लावणारा जॉबर लागतो. कार्डालाही तसा जॉबर लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. आम्ही दोन तऱ्हेचे जॉबर पाहिले. एक, मागाची मापे शिकाऊ पोरांना समजावून सांगणारा. दुसरा, सगळे स्वतःपाशी ठेवणारा. दुसराही हुशार असे. पण तो काम सोडून गेला की माग बंद, आणि मागवाल्याची मजुरीही बंद.

ग्राफिक्सच्या बाजारात हेच आहे. इंटेलचे ड्रायव्हर उघडे आहेत व लिनक्सबरोबरच येतात. एएमडीने २००७ साली आपल्या चिपांची माहितीपत्रके लोकांस खुली करावयास घेतली. तिच्या नव्या कार्डांचा उघडा ड्रायव्हर २०१५ पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. एनव्हिडियाने मात्र आपला ड्रायव्हर बंद ठेवला. स्वयंसेवकांनी नूवो नावाचा उघडा ड्रायव्हर मोठ्या चिकाटीने बनवला. पण २०१४ नंतरच्या चिपांना कंपनीच्या सहीचे फर्मवेअर लागू लागले आणि नूवोला ती कार्डे पुऱ्या वेगाने चालवता येईनात. २०१२ साली फिनलंडमधील एका सभेत टॉरवाल्ड्स यांनी या कंपनीस जाहीरपणे शिवी हासडली. २०२२ च्या मे महिन्यात कंपनीने नव्या कार्डांच्या ड्रायव्हरचा गाभ्यातील भाग खुला केला. वरचा भाग अजून बंदच आहे.

आम्ही एकतर्फी बोलणार नाही. त्रिमितीय चित्रे आणि चित्रफितींचे संपादन यांसाठी लागणारी काही साधने एनव्हिडियाच्या कार्डावरच उत्तम चालतात. ज्याची रोजीरोटी त्यावर आहे त्याने ते जरूर घ्यावे, पण अट समजून घ्यावी. जुन्या बाजारात जीटीएक्स १०५० आणि १०६० ही २०१६ सालची कार्डे पुष्कळ दिसतात. त्यांना चालवणारा कंपनीचा ड्रायव्हर ५८० क्रमांकाच्या मालिकेपाशी थांबला. पुढच्या मालिकांत त्यांना जागा नाही. कार्ड धडधाकट आहे, जॉबर निघून गेला आहे.

उघड्या ड्रायव्हरचेही पथ्य असते. कार्ड यंदाचे आणि लिनक्स तीन वर्षांपूर्वीचे, असा जोड जमत नाही. काही लिनक्स संच पेटंटच्या भीतीने एच २६४ व एचईव्हीसी उलगडण्याची सोय काढून टाकतात. फेडोराने २०२२ साली तसे केले. ती सोय वेगळी बसवावी लागते. आणि २०२४ साली एचडीएमआयच्या मालक-संघाने २.१ या आवृत्तीची अंमलबजावणी उघड्या ड्रायव्हरात करण्यास एएमडीला मनाई केली. म्हणून शक्य तेथे डिस्प्लेपोर्टची जोडणी बरी.

बाकी गोष्टी थोडक्यात. संगणकाची खाच कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज देते; त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डाला पॉवर सप्लायमधून वेगळी तार हवी. पेटी अरुंद असेल तर कमी उंचीचे कार्ड पाहावे. इंटेल आर्क घेताना संगणकात रिसाइझेबल बार नावाची सोय आहे की नाही ते विचारावे. ती नसेल तर कार्ड मंदावते. आणि सर्वांत महत्त्वाचे, दुकानात जाताना पेनड्राईव्हवर लिनक्स आणि आपलीच एक चित्रफीत घेऊन जावे. कार्ड लावून, ती चालवून, प्रोसेसरवर किती भार पडतो ते पाहावे. करारावर सही करण्यापूर्वी तो वाचण्याचा जो हक्क, तोच हा.

आम्ही अखेर कार्ड घेतलेच नाही. एका कचेरीने काढून टाकलेला, इंटेलच्या सातव्या पिढीचा संगणक घेतला. तो उचलून एके संध्याकाळी त्या बाईंच्या घरी गेलो आणि त्यांच्याच टीव्हीला जोडला. चाळीस मिनिटांची मुलाखत कोठेही न अडखळता चालली. ती संपल्यावर त्या म्हणाल्या, “पुन्हा एकदा लावा.” आम्ही लावली.

वर्गणीचा तो पैसा परत आला नाही. पण आपल्यापैकी एखाद्याचा तरी वाचला, तर आमची ठेच वाया गेली नाही असे आम्ही समजू.